मॉडेलवर पाणी ओतल्यावर: लॅण्डस्केप आणि सिंचन एकत्र शिकवण्याचं एक सत्र

बागेचा आराखडा कागदावर सुंदर दिसतो, त्यावर निळ्या रेघांनी पाइपलाइनही काढता येते, पण त्या कागदावर पाणी कधीच पडत नाही. आमच्याकडे लॅण्डस्केप डिझाइन आणि सिंचन हे दोन वेगळे विषय आहेत, दोन वेगळ्या तासिकांना शिकवले जातात. त्यामुळे विद्यार्थी आधी बाग पूर्ण काढतात आणि मग तिच्यावर पाइप बसवतात. पाइपांची लांबी बदलते, व्यास बदलतात, पण पाण्यासाठी म्हणून उतार कुणी बदलत नाही, हिरवळ कुणी लहान करत नाही. हे दोन्ही विषय एकाच टेबलावर यावेत आणि ते टेबल ओलं व्हावं, अशी माझी बरीच वर्षं इच्छा होती. एका सत्रात ते करून झालं. हे करायला निघालेल्या दुसऱ्या कुणा शिक्षकाला आधार वाटावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे, कागदपत्रांसकट.

सुरुवात एप्रिलमध्ये झाली, प्रस्तावापासून. मागणी साधी होती: दुसऱ्या वर्षाच्या दोन ड्रॉइंग शीटच्या जागी प्रत्येक गटाने एक मॉडेल करावं आणि दोन्ही विषयांचे अंतर्गत गुण त्यातूनच द्यावेत. विभागात या कल्पनेला विरोध कुणाचाच नव्हता. प्रश्न गुणांचा होता. शीट फाइलमध्ये राहते, वर्षभराने कुणी मागितली तरी काढून दाखवता येते. पाणी ओतून भिजलेलं, अर्धवट ढासळलेलं मॉडेल बाह्य परीक्षकांसमोर कसं ठेवणार? यावर उपाय म्हणून प्रस्तावात दोन गोष्टी जोडल्या. प्रत्येक चाचणीचा सलग व्हिडिओ, आणि प्रत्येक गटाची एक नोंदवही, जिच्यात चाचणीआधीचा अंदाज, मोजलेले आकडे आणि नंतर केलेला बदल तारखेसह लिहायचा. मूल्यमापन या दोन्हींवर होणार, मॉडेल हे फक्त साधन, असं स्पष्ट लिहिलं. अभ्यास मंडळाची बैठक जूनअखेर होती, तोवर वाट पाहण्याशिवाय काही हातात नव्हतं. मंजुरी मिळाली ती या नोंदवहीच्या अटीमुळेच. तेव्हा ती औपचारिकता वाटली होती, पण सत्र संपेपर्यंत तीच सगळ्यांत मोलाची ठरली.

खरेदीसाठी नेहमीप्रमाणे तीन दरपत्रकं लागली. स्टोअरमधल्या अनुभवी कारकुनांनी एक गोष्ट आधीच सांगितली आणि ती जशीच्या तशी पुढे देते: टिकणाऱ्या आणि खपणाऱ्या वस्तूंच्या याद्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. ट्रे, पंप, मोजपात्रं, हॉट-वायर कटर हे डेड स्टॉक रजिस्टरला जातं, त्याची तपासणी दरवर्षी होते. बोर्ड, गोंद, ब्लेड, वाळू, रंग हे खपणारं साहित्य. दोन्ही एका यादीत असलं की कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा कडा असलेल्या, न गळणाऱ्या ट्रेंचा होता, त्याखालोखाल फोमबोर्डचा. दाब मोजायला प्रेशर गेज घ्यायचा विचार होता, पण तो यादीतून काढला. आमचा दाब इतका कमी असणार होता की साध्या गेजचा काटा नीट हललाही नसता. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीतली पातळी मोजपट्टीने मोजली की दाब कळतो: १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार. नळीवर झालेला खर्च नगण्य होता.

विद्यार्थ्यांकडून एकही वस्तू मागवायची नाही, हे मात्र मी ठामपणे ठरवलं होतं. सगळ्या गटांना सारखंच साहित्य. नाहीतर ज्यांना परवडतं ते गट विकतची झाडं, छोटी माणसं, चमकदार तळी आणतात आणि बघणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. झाडांसाठी आवारात पडलेल्या काटक्या आणि वाळलेले तुरे पुरले.

जागा तळमजल्यावरची मिळाली, जमिनीत निचऱ्याची जाळी असलेली. ही अट सोडू नका. बारा व्होल्टचे छोटे पंप वापरले, त्यांचे अडॅप्टर टेबलापासून दूर आणि पाण्याच्या पातळीच्या बरेच वर, आणि त्या खोलीच्या लाइनवर विजेची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर. विद्युत विभागाकडून तसं पत्र घेऊन फाइलला लावलं. वाळू, माती आणि पाणी सिंकमध्ये जाऊ नये म्हणून धुण्यासाठी वेगळा टब ठेवला, साचलेला गाळ रोज संध्याकाळी उचलला. याने सफाई कर्मचाऱ्यांशी आमचे संबंध सत्रभर चांगले राहिले, आणि अशा कामात ते फार गरजेचं असतं.

ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं. जागा आवारातलीच घेतली: ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत साधारण ३ मीटरचा उतार. ठोकळमानाने ५ टक्के. विद्यार्थ्यांना तयार कॉन्टूर नकाशा (समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेघांचा) द्यायचा मोह होतो, वेळ वाचतो. मी दिला नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन स्टाफ पट्ट्या (उभ्या धरायच्या मोजपट्ट्या) घेऊन त्यांनी १० मीटरच्या चौकटीवर लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या नोंदी, घेतल्या, आणि जिथे उतार एकदम बदलतो तिथे मधले जास्तीचे बिंदू. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की दोन्ही टोकांची पातळी खोटी येते. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं, कारण एका गटाच्या नकाशावर सपाट जागेत टेकडी उगवली होती. दोन बिंदूंच्या मधे कॉन्टूर कुठून जाईल हे प्रमाणाने काढताना पहिल्यांदा त्यांना जाणवलं की नकाशावरची रेघ हा अंदाज असतो, आणि त्या अंदाजाचा भरवसा आपण किती बिंदू घेतले त्यावर ठरतो.

मॉडेलचं प्रमाण १:५० ठेवलं. म्हणजे ट्रेमध्ये बसणारं १२० बाय ८० सेंटिमीटरचं मॉडेल. ५ मिलिमीटर जाडीचा एक बोर्ड म्हणजे जागेवरचा २५ सेंटिमीटरचा चढ. ३ मीटरसाठी बारा थर. हे गणित आधी जुळवून घ्या, कारण बोर्डाची जाडी बाजारात ठरलेली असते आणि कॉन्टूरचं अंतर तिच्यावरून ठरवावं लागतं. कापायचे थर खालून वर क्रमांक घालून ठेवायचे, प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या थराची रेघ पेन्सिलने आखायची, म्हणजे चिकटवताना शोधाशोध होत नाही. पन्हळी पुठ्ठा वापरू नका, पाणी लागलं की फुगतो. थर्मोकोल वापरलात तर गोंद वॉटर-बेस्ड घ्या, कारण सॉल्व्हंट असलेला गोंद किंवा स्प्रे रंग थर्मोकोलला खातो. हॉट-वायरने कापताना खिडक्या उघड्या हव्यात. ब्लेडचं काम मी स्वतः उभी राहून करून घेतलं. धातूची पट्टी, नवं पातं, आणि दाब देऊन एकदाच कापण्याऐवजी हलक्या हाताने तीनदा.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोरडी मॉडेल्स उभी राहिली. पायऱ्यांसारख्या थरांवर प्लास्टरचा पातळ लेप, त्यावर अॅक्रिलिकचा पाणी अडवणारा थर. त्यावर रस्ते, इमारतीचं जोतं, हिरवळ, झुडपं, झाडं. इथपर्यंतचं काम कोणत्याही मॉडेलच्या वर्गात होतं तसंच होतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की व्हीलचेअरसाठीचा उतरता रस्ता १:१२ पेक्षा (१२ मीटरला १ मीटर उतार) तीव्र नको हा नियम सगळ्यांना पाठ होता, पण आपल्या जागेवर जिथे उतार एकदम वाढतो तिथे तो बसवताना रस्ता कॉन्टूरला किती तिरका न्यायचा, कुठे सपाट टप्पा द्यायचा, हे बोटाने मॉडेलवर फिरवून पाहिल्याशिवाय फार थोड्या जणांना सुचलं.

मग पाणी.

पहिल्या चाचणीला मी प्रत्येक गटाला आधी नोंदवहीत लिहायला लावलं: पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे जाईल, कुठे साठेल. लिहून झाल्यावर झारीने वरच्या कडेला पाणी घातलं. जे झालं ते त्यांच्या अपेक्षेतलं नव्हतं. पाणी वाहिलंच नाही. ते थेंबाथेंबाने जागच्या जागी बसून राहिलं, काळजीपूर्वक कोरलेल्या चरांच्या तोंडाशी गोल होऊन थांबलं, आणि मग आणखी पाणी पडल्यावर एकदम सगळं मिळून भलतीकडून घसरलं. वर्गात शांतता पसरली. "मॅडम, आमचा उतार चुकलाय का?" असं एका विद्यार्थ्याने विचारलं. उतार बरोबर होता. या क्षणाची मी वाट पाहत होते, आणि तरीही माझ्या पोटात गोळा होताच. इथे त्यांचा मॉडेलवरचा विश्वास उडाला असता तर पुढचं सगळं अवघड झालं असतं.

त्या दिवशी उरलेला वेळ आम्ही फळ्यावर घालवला. जागेवरचा १० सेंटिमीटर खोल चर १:५० च्या मॉडेलवर २ मिलिमीटरचा होतो. पाण्याचा पृष्ठताण एवढ्या लहान मापांत गुरुत्वाकर्षणाशी बरोबरी करतो, म्हणून थेंब बसून राहतो. मॉडेल लहान केलं तरी पाणी लहान होत नाही. मग प्रवाहाचा हिशेब. इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की इथे जहाजांच्या लहान प्रतिकृती टाकीत ओढून वेगाचं प्रमाण शोधलं, तोच नियम उघड्या प्रवाहाला लागतो. लांबी पन्नासपट लहान केली तर वेळ सुमारे सातपट लहान होतो, आणि प्रवाह साडेसतरा हजारांहून जास्त पटींनी. बागेतल्या नळीतून मिनिटाला २० लिटर पाणी येत असेल, तर आमच्या मॉडेलवर त्याचा वाटा मिनिटाला साधारण एक मिलिलिटर. म्हणजे वीसेक थेंब. विद्यार्थी मगाशी झारीने घालत होते तो पाऊस नव्हता, प्रलय होता. हा आकडा फळ्यावर आल्यावर पुन्हा आवाज सुरू झाले. ड्रॉपर कुठे मिळेल, साबणाचा थेंब घातला तर पृष्ठताण कमी होईल ना, असे प्रश्न आले. (होतो. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब लिटरभर पाण्याला पुरतो.)

मी त्यांना मिसिसिपी नदीखोऱ्याच्या मॉडेलबद्दल सांगितलं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या क्लिंटन इथे १९४३ मध्ये युद्धकैद्यांच्या श्रमातून ते बांधायला सुरुवात झाली. सुमारे दोनशे एकरांवर पसरलेलं ते मॉडेल आडव्या दिशेत १:२००० आणि उभ्या दिशेत १:१०० असं होतं. उंची आडव्या मापापेक्षा वीसपट वाढवलेली, कारण खरं प्रमाण ठेवलं असतं तर नदीची खोली ओल्या फडक्याएवढी राहिली असती. म्हणजे पाणी वाहवणाऱ्या मॉडेलमध्ये उंची मुद्दाम वाढवणं ही प्रस्थापित पद्धत आहे, अट एवढीच की ती लिहून ठेवायची. आम्हीही तेच केलं. ओल्या चाचण्यांसाठी प्रत्येक गटाने वाळू आणि चिकणमातीचं दुसरं मॉडेल केलं, आडवं १:५०, उभं १:२५. ३० सेंटिमीटर खोल चर आता १२ मिलिमीटरचा झाला, त्यात पाणी वाहू लागलं. उतार मात्र दुप्पट दिसतो. म्हणून ट्रेच्या कडेवर मोठ्या अक्षरांत प्रमाण लिहायचं आणि या मॉडेलवरून वेग किंवा धूप यांचे आकडे काढायचे नाहीत. पाणी कोणत्या बाजूला जातं, कुठे जमतं, कुठून बांध फोडतं, एवढंच त्याला विचारायचं.

एवढं विचारलं तरी त्याने भरपूर सांगितलं. एका गटाने इमारतीच्या वरच्या बाजूला सुंदर गोल हिरवळ काढली होती, तिचं सगळं पाणी जोत्याशी येऊन थांबत होतं. दुसऱ्याचा चर कॉन्टूरला समांतर होता, पण त्याच्या एका टोकाला बाहेर पडायची वाटच ठेवलेली नव्हती. पाणी भरलं आणि मधूनच फुटलं. कागदावर ते दोन्ही आराखडे मी स्वतः पाहिले असते तर कदाचित शेरा मारला असता, आणि विद्यार्थ्यांनी तो खोडून दुरुस्त केला असता. इथे त्यांनी हाताने माती उचलून बांध वर सरकवला, चराला सांडवा दिला, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा पाहिलं. किती पाण्याचा प्रश्न आहे तेही त्यांनी काढलं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. २४०० चौरस मीटर जागेवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४८ हजार लिटर. त्यातला तीन दशांश जरी वाहून निघाला तरी चौदा हजारांवर लिटर पाणी एका कोपऱ्याकडे जातं. त्या कोपऱ्यात बहुतेकांनी पार्किंग काढलं होतं. पुढच्या आठवड्यात ते हललं.

वाळूच्या मॉडेलमध्ये पाणी जिरतानाही दिसतं आणि विद्यार्थी लगेच त्यावरून निष्कर्ष काढतात. हे थांबवावं लागतं. एक मिलिमीटरचा वाळूचा कण पन्नासपट लहान केला तर तो पोयट्यातल्या गाळाच्या कणाएवढा होईल, म्हणजे ती वाळूच राहणार नाही. जिरण्याचा प्रश्न लहान मॉडेलवर सुटत नाही, तो खऱ्या मापातच पाहावा लागतो. म्हणून समोरून काच असलेल्या दोन पेट्या केल्या, एकीत वाळू, दुसरीत चिकण जमीन. दोन्हींवर काचेला लागून एकेक ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणारी छोटी तोटी), ताशी २ लिटरचा, रंगीत पाणी. दर दहा मिनिटांनी ओल्या भागाची कड काचेवर मार्करने आखायची. वाळूत ओल अरुंद आणि खोल जाते, चिकणमातीत रुंद आणि उथळ पसरते, मधल्या जमिनीत ती कांद्यासारखी फुगते, हे पुस्तकातल्या आकृतीत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काचेवर एकावर एक आखलेल्या रेघा पाहिल्यावर मात्र दोन ड्रिपरमधलं अंतर किती ठेवायचं हा प्रश्न त्यांनी विचारला, मला विचारावा लागला नाही. वाळूच्या पेटीत जवळजवळ, चिकणमातीत लांब. काच चांगली जाड घ्या आणि पेटीच्या तळाला भोक ठेवा, ओल्या मातीचा दाब कमी नसतो.

सगळ्यांत आवडता तास जिन्यावर झाला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. इमारतीच्या एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर, आणि आमच्या जागेचा एकूण उतारही तेवढाच. खरी ठिबक नळी, दाबातला फरक भरून न काढणारे साधे ड्रिपर, १० मीटर दाबाला (म्हणजे १ बारला) ताशी ४ लिटर देणारे. जिन्याच्या वरच्या टोकाला स्टुलावर बादली ठेवली, पातळी सारखी राहावी म्हणून एक जण सतत पाणी घालत होता. वरच्या पहिल्या ड्रिपरवर पाण्याचा दाब अर्धा मीटर, खालच्या शेवटच्यावर साडेतीन मीटर. पायरीपायरीला एक ड्रिपर, प्रत्येकाखाली मोजपात्र, दहा मिनिटं.

आधी अंदाज लिहून घेतले. बहुतेकांनी लिहिलं की खाली सातपट पाणी येईल, कारण दाब सातपट आहे. काहींनी लिहिलं, सगळीकडे सारखंच. मोजल्यावर खालच्या पात्रात वरच्यापेक्षा अडीच पटींहून थोडं जास्त पाणी होतं. अशा ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, आणि सातचं वर्गमूळ २.६५. सूत्र मी त्यानंतर लिहिलं. मग सर्वांत कमी पाणी देणाऱ्या एक चतुर्थांश ड्रिपरची सरासरी काढून तिला सगळ्यांच्या सरासरीने भागायचं, म्हणजे एकसमानता, पाणी सगळीकडे किती सारखं पडतं ते, कळते. जिन्यावर ती साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास आली. तीच नळी, तेच ड्रिपर कॉरिडॉरमध्ये सपाट अंथरले, तेव्हा नव्वदच्या वर.

मग एका विद्यार्थिनीने विचारलं, "म्हणजे लॅटरल कॉन्टूरला धरून टाकायची?" ती वर्गात सहसा बोलत नाही. (लॅटरल म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी.) दुसऱ्या दिवशी कुणीही न सांगता पाचही गटांच्या मॉडेलवर पाइप दाखवायला उताराच्या दिशेने उभ्या लावलेल्या लोकरीच्या निळ्या दोऱ्या आडव्या झाल्या होत्या. लॅटरल कॉन्टूरला धरून, सबमेन, म्हणजे लॅटरलना पाणी पुरवणारी नळी, उताराने, आणि तिच्यावर टप्प्याटप्प्याने व्हॉल्व्ह. खऱ्या योजनेत १ बारचा दाब असला तरी ३ मीटरच्या उताराने खालच्या टोकाला १.३ बार होतो आणि प्रवाह १४ टक्के वाढतो. प्रवाहातला फरक १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा जो नियम आम्ही शिकवतो तो तिथेच मोडतो. हा हिशेब त्यांनी नोंदवहीत स्वतःहून केला होता. जमिनीचा आकार आणि पाइपची जागा यांचा संबंध शिकवायला मी इतकी वर्षं जे शब्द वापरत होते, त्यांपैकी एकही मला लागला नाही.

या प्रयोगासाठी फिल्टर लावायला विसरू नका. शेजारच्या टेबलावर वाळू असली की ड्रिपर तुंबतात आणि आकडे बिघडतात. १२० मेशचा लहान फिल्टर पुरतो.

तुषार सिंचनासाठी पाणी वापरलं नाही. पारदर्शक शीटच्या चकत्या कापल्या, ४ मीटर फेकीचा स्प्रिंकलर म्हणजे मॉडेलवर ८ सेंटिमीटर त्रिज्येची चकती. चकत्यांना फिका निळा रंग, म्हणजे जिथे दोन-तीन एकमेकींवर येतात तिथे गडद दिसतं. एका स्प्रिंकलरचं पाणी दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचलं पाहिजे हा नियम यातून पटकन डोळ्यांत भरतो, आणि कुठली चकती रस्त्यावर किंवा भिंतीवर पाणी टाकते तेही. कोपऱ्यातल्या पाव वर्तुळाच्या स्प्रिंकलरला पाव प्रवाहच द्यायला हवा हे समजायलाही चकतीचे चार तुकडे हातात असणं बरं पडतं. नंतर मैदानावर एका खऱ्या स्प्रिंकलरभोवती डबे मांडून पाणी मोजलं आणि जे. ई. ख्रिस्तियान्सेन यांचा १९४२ चा एकसमानता गुणांक काढला. वाऱ्यामुळे एका बाजूचे डबे जवळजवळ कोरडे राहिले, आणि पहाटे पाणी द्यावं असं का सांगतात यावर वेगळं बोलावं लागलं नाही.

शेवटचा मोठा टप्पा पाण्याच्या हिशेबाचा. प्रत्येक गटाला निळे मणी दिले, एक मणी म्हणजे ५० लिटर. दिवसाला चाळीस मणी, म्हणजे २००० लिटर, यापेक्षा जास्त नाही. बाष्पोत्सर्जन, म्हणजे जमीन आणि झाडं मिळून हवेत सोडतात ते पाणी, दिवसाला ५ मिलिमीटर धरलं. एका गटाची ३०० चौरस मीटर हिरवळ होती: ५ गुणिले ०.८ (हिरवळीचा गुणक, म्हणजे त्यातलं किती पाणी तिला लागतं) गुणिले ३०० म्हणजे १२०० लिटर, तुषार सिंचनाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १७१४. चौतीस मणी. तेवढ्याच जागेवरच्या झुडपांना गुणक ०.५ आणि ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून ८३३ लिटर, सतरा मणी. मिळून एक्कावन्न, आणि झाडांना अजून काही दिलेलंच नाही. मणी मॉडेलवर मांडलेले असल्याने कमतरता टेबलावर दिसत होती. त्या गटात दोन दिवस खरंच जोरात वाद झाला. हिरवळ मूळ कल्पनेचा गाभा होती, तिच्यासाठीच बाकीची रचना केली होती. शेवटी त्यांनी ती अर्धी केली आणि खाली नेली, चराच्या शेवटाला, जिथे पावसाचं पाणी जमत असल्याचं ओल्या मॉडेलने दाखवलं होतं. वरच्या बाजूला कमी पाण्याची झुडपं, एका व्हॉल्व्हवर एकाच गरजेची झाडं. सतरा अधिक सतरा, उरलेले सहा मणी झाडांना. आराखडा आधीपेक्षा चांगला झाला होता. हिरवळ वर होती तेव्हा ती नुसती दिसायची, खाली आल्यावर तिथे बसावंसं वाटेल अशी सावलीची जागा तयार झाली.

नोव्हेंबरच्या सादरीकरणाला बाह्य परीक्षक आले तेव्हा मॉडेल्स फारशी देखणी राहिलेली नव्हती. प्लास्टरला डाग, काटक्या वाकलेल्या, चरांच्या कडा बोटांनी दाबलेल्या. त्यांनी आधी नोंदवह्या वाचायला घेतल्या आणि बराच वेळ वाचत राहिले. मग एका गटाला विचारलं, "हा बांध तीन वेळा का सरकलाय?" उत्तर देताना त्या मुलांनी व्हिडिओ लावला नाही, झारी उचलून पाणीच घातलं. गुणांची विभागणी आम्ही आधीच जाहीर केली होती: अंदाज आणि त्यामागचं कारण, मोजमाप, बदल, आणि अंतिम आराखडा. सुबकतेला वेगळे गुण नाहीत. ज्यांचा हात सुबक आहे अशा दोन-तीन विद्यार्थ्यांना हे थोडं लागलं. त्यांच्याशी सत्राच्या सुरुवातीलाच स्वतंत्रपणे बोलून घ्यावं, असं सुचवते.

सत्र संपल्यावरचं कामही वेळापत्रकात धरा. ओली वाळू वाळवून गाळून पोत्यांत भरायची, ट्रे धुऊन उभे ठेवायचे, ड्रिपर सौम्य आम्लाच्या पाण्यातून काढायचे, पंप स्टोअरला परत देऊन सही घ्यायची. खपणाऱ्या साहित्याचा वापर-तपशील त्याच आठवड्यात लिहून दिला तर पुढच्या वर्षीची मागणी लवकर मंजूर होते.

पुढच्या तुकडीसाठी क्रम थोडा बदलला आहे. जिन्यावरचा तास आणि मण्यांचा हिशेब आता आधी, पहिला थर कापण्याच्या अगोदर, कारण त्या दोन्हींनी आराखडे मुळातून बदलतात आणि बारा थर चिकटवून झाल्यावर ते बदलणं मुलांच्या जिवावर येतं. ओल्या मॉडेलला एक आठवडा जास्त दिला आहे. दोन्ही विषयांच्या तासिका वेळापत्रकात सलग जोडून मागितल्या आहेत, तो अर्ज सध्या विभागप्रमुखांच्या टेबलावर आहे.